जाळीचं वाण

धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो, हे देवानं बरं केलं. दरसाल आला असता तर मी लेकीचं लग्नच करून दिलं नसतं. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू आणि लेक म्हणजे लक्ष्मी. दोघांना पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि वर विष्णूला जे काय पाहिजे असंल ते. विष्णूनं स्वतः मागायचं नसतं. विष्णूचा बाप मागतो.

आमचे इवाई, म्हणजे जावयाचे वडील दगडोबा, यांनी यंदा महिना लागायच्या आधीच लातूरहून फोन केला. आधी पावसाचं विचारलं, मग म्हशीचं विचारलं. मी समजलो, काहीतरी मोठं येऊन राहिलंय. मग ते म्हणले, आमच्या आदिनाथला लॅपटॉप लागतो, जुना लई रेंगाळतो, तो चालू करून चहा ठेवला तर चहा आधी होतो. तो जुना मीच लग्नात दिलेला. म्हणजे माझ्याच वस्तूची तक्रार माझ्याच कानात, आणि वर मी हाव हाव म्हणायचं.

मी श्रीमंत. नावाचा. भोकरजवळ शेत हाय, शेतात विहीर हाय, विहिरीवर वडलांनी घेतलेलं डिझेल इंजिन हाय. त्याचं हेड मी बदललं, पिस्टन बदलला, टाकी बदलली, चाकसुद्धा बदललं. तरी आम्ही त्याला वडलांचंच इंजिन म्हणतो, आणि ते वडलांसारखंच कुरकुर करत पाणी काढतं. चीज जुनी झाली म्हणून मी आजवर एक फेकली न्हाई. माझी बायको सिंधु म्हणते, मी या घरात टिकले ती त्याच्यामुळंच.

तर मी ठरवलं, नवा घ्यायचा न्हाई. हाये त्याच लॅपटॉपचा पिस्टन बदलायचा.

आवतन द्यायला लातूरला गेलो. जावई आदिनाथ तिथं मोटारसायकलच्या शोरूममध्ये बसतो. पोरगा वाईट न्हाई. पितो न्हाई, बोलतो गोड, मला मामा म्हणून पाया पडतो. त्यानं आपल्या हातानं लॅपटॉप थैलीत घालून दिला. त्याला वाटलं, जुना देऊन नवा आणतील. मी काही बोललो न्हाई. खोटं बोलणं आणि गप्प बसणं यात फरक हाय, असं मी धरून चालतो.

वर्षाराणी, माझी लेक, मला सोडायला फाटकापर्यंत आली. तिचं लक्ष माझ्याकडं न्हवतंच, थैलीकडं होतं. परत कधी आणता, म्हणली. मी म्हणलं, लेकरा, बापाला निरोप देऊन राहिलीस का थैलीला? ती हसली. पर हसणं काही डोळ्यांपर्यंत पोचलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी नांदेडला वीरेशच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेलो. वीरेश उदगीरकडचा, कपाळावर भस्म, बोलण्यात घाई न्हाई. त्यानं लॅपटॉप उलटा केला, खालची पट्टी काढली, आत फुंकर मारली आणि मला विचारलं, "काका, यात तांदूळ कोणी पेरले?"

बघितलं तर खरंच. खालच्या जाळीत तांदळाचे दाणे, पंख्यावर हळद, कडेला कुंकवाचा गाळ. मी त्याला सांगितलं, दसऱ्याला आम्ही नांगर, कोयता, इंजिन सगळं पुजतो, तसा त्यांनी लातुरात हाही पुजला असंल. ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यावर अक्षता टाकायच्याच. वीरेश म्हणला, आमच्याकडंबी पुजतात, पर इंजिनाला मोठं तोंड असतं, ते थुंकून टाकतं. याच्या नाकात तुम्ही लग्न लावलंय.

मग त्यानं इलाज सांगितला. आतली फिरती डिस्क काढून नवी, न फिरणारी टाकायची. मेमरीची पट्टी वाढवायची. बॅटरी बदलायची. साफसफाई करायची. म्हणला, असा पळंल की तुम्हीच वळखणार न्हाई. मी म्हणलं, कर. म्हणजे हेड, पिस्टन, टाकी. लातूरच्या लोकांना उगाच वाटतं की आपण काही निराळं वापरून राहिलो.

आता जुन्यातलं सगळं नव्या डिस्कवर घ्यायचं, तर पासवर्ड लागणार होता. मी जावयाला फोन लावला. जावई म्हणला, मामा, पासवर्ड मला ठाव न्हाई, वर्षाला विचारा.

मी फोन ठेवला आणि थोडा वेळ दुकानातल्या पंख्याकडं बघत बसलो. ज्या लॅपटॉपवाचून जावयाचं काम अडलं होतं, त्याचं कुलूप कसं उघडतं हे जावयाला ठाव न्हवतं. मायला, ही तर नवीच तऱ्हा.

वर्षाराणीला फोन लावला. तिनं पासवर्ड सांगितला. आमच्या जुन्या बैलाचं नाव होतं. वीरेशनं ते दाबलं आणि पडद्यावर एक बेडूक उघडला. पोट फाडलेला, आत सगळं रंगवलेलं, एकेका आतड्याला रेघ काढून नंबर दिलेला. खाली आणखी एक हृदय, एक पान, एक डोळा. वीरेशनं माझ्याकडं बघितलं. मी फोनवर विचारलं, हे काय गं बाई?

मग तिनं सांगितलं. लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास गल्लोगल्ली. त्यांच्या प्रश्नपत्रिकांना आकृत्या लागतात. ही बीएस्सी झालेली, हात चांगला. एका मैत्रिणीनं काम दिलं, मग दुसऱ्या क्लासनं दिलं, मग तिसऱ्यानं. दुपारी घरातलं आवरलं की बसते. घरातले म्हणतात, खेळत बसली. ती म्हणू देते. लॅपटॉप नवा होता तेव्हा आदिनाथचा होता, तो शोरूमला न्यायचा. रेंगाळायला लागला तेव्हा घरी टाकून दिला, तसा हिच्या वाट्याला आला.

आणि मग ती जे म्हणली ते मी मरेपर्यंत विसरणार न्हाई.

"आबा, दुरुस्त करा, पर लई जोरात करू नका. जोरात झाला तर तो त्यांचा होईल."

मला काय वाटलं ते सांगतो. लई वाईट वाटलं. राग आला. जावयाचा आला, दगडोबांचा आला, आणि विनाकारण वीरेशचाबी आला. माझी लेक चीज मंद राहावी म्हणून विनवणी करून राहिली होती. म्हैस भाकड राहावी म्हणजे कोणी मागणार न्हाई, असं कोणी म्हणंल का? ती म्हणून राहिली होती, आणि तिचं बरोबर होतं.

मी वीरेशला विचारलं, जरा कमी जोरात होईल का? वीरेश म्हणला, काका, डिस्क ती डिस्क, तिला गियर न्हाई. इतकी वर्षं दुकान चालवतो, पळव म्हणून सगळे येतात, हळू कर म्हणणारे तुम्ही पहिलेच. मी त्याला म्हणलं, मग पळव. पुढचं मी बघतो. पुढचं काय बघायचं हे मला ठाव न्हवतं.

घरी येऊन सिंधुला सगळं सांगितलं. ती अनारसे थापत होती. खसखशीवर एकेक गोळी दाबत तिनं सगळं ऐकलं आणि भलतंच बोलली. वाण कोरं लागतं, म्हणली, वापरलेली चीज वाणात चालत न्हाई. आणि वाण जाळीदार लागतं. अनारसा, बत्तासा, जाळी असंल तेच. मी गुरुजींना फोन केला. गुरुजींनी विचारलं, आतलं नवं हाय का? मी म्हणलं, हाव. विचारलं, जाळी हाय का? मी म्हणलं, खालून हाय, पंख्याची. गुरुजी म्हणले, मग शास्त्राची काही हरकत न्हाई.

सिंधुला सांगितलं, तर ती म्हणली, गुरुजींचं राहू द्या. वाणात दिलं म्हणजे जावयाला दिलं. मग लेकीचं काय?

मी म्हणलं, तेच तर म्हणून राहिलो.

तिनं पुढचा अनारसा तेलात सोडला. म्हणली, मी तांदूळ निवडून ठेवते. मला वाटलं, भाताचं बोलून राहिली.

धोंड्याच्या दिवशी जावई, लेक आणि दगडोबा सकाळच्या गाडीनं आले. पाट मांडले, रांगोळी काढली, विष्णू आणि लक्ष्मी पाटावर बसले. विष्णूची नजर कोपऱ्यातल्या थैलीवर. लक्ष्मीचीबी तिथंच. मी जावयाच्या हातावर पाणी सोडलं, अनारशांचं ताट दिलं, वर दिवा ठेवला. वाण तेवढ्यातच झालं, लॅपटॉप त्यात न्हवता. मग थैली उघडली.

तोच लॅपटॉप बघून दगडोबांचं तोंड पडलं. मी म्हणलं, इवाई, इंजिन तेच, आतलं सगळं नवं. दगडोबा म्हणले, तसं आमच्याकडं करत न्हाईत. मी म्हणलं, बटण तर दाबू द्या.

जावयानं बटण दाबलं. सिंधु तुपाची धार सोडायला वाकली होती, ती धार धोंड्यावर पडायच्या आत पडदा उजळला. जावयाचे डोळे मोठे झाले. त्यानं बंद केला, परत चालू केला. परत तेच. मामा, म्हणला, हा तर नव्याच्या वर हाय, नवा कशाला पाहिजे, उद्यापासून हाच शोरूमला नेतो. दगडोबांचं पडलेलं तोंड जागेवर आलं. दोघं बापलेक खूश. एवढ्या दिवसांत माझं काम इतकं कोणाला आवडलं न्हवतं.

वर्षाराणीनं मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

तेवढ्यात सिंधु उठली. लेकीची ओटी राहिली की, म्हणली. आत गेली आणि सूप घेऊन आली. सुपात नारळ, खण, हळकुंड, आणि निवडलेले तांदूळ. जावयासमोर वाकून तिनं लॅपटॉप त्याच्या हातातून काढून घेतला, मिटला, आणि म्हणली, "पदर धर, बाई."

वर्षाराणीनं पदर धरला. सिंधुनं त्यात लॅपटॉप पालथा ठेवला. खण ठेवला, नारळ ठेवला. मग तांदळाची ओंजळ उचलली, तसा मी धावलो. खिशातली दस्ती, तोंड पुसायचा रुमाल, काढून जाळीवर पसरली. सिंधुनं माझ्याकडं बघितलं, मी म्हणलं, वीरेशनं सांगितलंय. तिनं दस्तीवर तांदूळ घातले. एक ओंजळ, दुसरी ओंजळ. कुंकू लेकीच्या कपाळाला लावलं. लॅपटॉपला लावलं न्हाई.

दगडोबा म्हणले, ओटीत लॅपटॉप? सिंधुनं डोक्यावरचा पदर सारखा केला. इवाईबुवा, म्हणली, वाण जावयाचं, ते दिलं. ओटी लेकीची.

बाईच्या ओटीतलं मागणारा माणूस आमच्या मुलखात अजून जन्मला न्हाई. सासू मागत न्हाई, नवरा मागत न्हाई, चोरसुद्धा दोनदा विचार करंल. दगडोबांनी एक अनारसा उचलला आणि त्याची जाळी बघत बसले.

आदिनाथनं धोंड्याचा तुकडा तुपात बुडवला. मग काहीच झालं न्हाई अशा आवाजात बायकोला म्हणला, "वर्षा, त्याचा पासवर्ड काय हाय?"

वर्षाराणीनं मान वर केली. मांडीवर पदराचं ओझं, दोन्ही हात त्याच्यावर.

"तुम्हाला काय बघायचंय ते सांगा," ती म्हणली. "मी दाखवत जाईन."

जावयानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या ताटात आणखी एक धोंडा वाढला.