दुप्पट वेगानं दमलेला हेडफोन

मी हेडफोन. स्वतःचं काही बोलणं हे माझं काम नाही. दुसऱ्याचं बोलणं कानापर्यंत नेऊन पोचवायचं, एवढंच मला येतं. तरी आज थोडं माझं बोलतो. हळूच बोलतो, कारण दमलोय.

स्वभावानं मी घाबरट आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. फोनवर नुसता मेसेज आला, कुठे प्रेस मशीनचा दणका बसला, बसचा हॉर्न वाजला, की मी दचकतो. आणि नशिबानं मला आणलं ते अशा भागात, जिथे दिवसभर काही ना काही ठोकलं जात असतं.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती काळेवाडीतल्या अजिमभाईंच्या मोबाइलच्या दुकानातली. त्यांनी मला खोक्यातून काढलं, फुंकर मारली आणि समोरच्या माणसाला म्हणाले, "घालून तर बघा साहेब. बाहेर वरात चालली असली तरी कळणार नाही."

"कॉलसाठी माईक आहे ना?" त्या माणसानं विचारलं.

माईक होता. त्यामुळेच तर मला नुसतं सांगता येत नाही, ऐकूही येतं. तो माणूस म्हणजे रणजीत, माझा पहिला मालक.

रणजीत चऱ्होलीचा. चाकणला गाड्यांचे आरसे बनवणाऱ्या कंपनीत तो इंजिनिअर. हातात घड्याळ घेऊन लाइनवर उभं राहायचं आणि कामगाराचा हात कुठे दोन सेकंद रिकामा राहतो ते शोधायचं, हे त्याचं काम. सापडलेले सेकंद तो काढून टाकतो. त्याबद्दल त्याला एकदा कंपनीनं ट्रॉफीही दिली होती.

कंपनीच्या बसमध्ये तो मला डोक्यावर चढवायचा आणि पुस्तकं ऐकायचा. मला फार आनंद झाला होता. गाणी पोचवणारे हेडफोन पुष्कळ असतात, आपल्या वाट्याला गोष्टी आल्या! पण पहिल्याच दिवशी त्यानं ऐकायचा वेग दुप्पट केला. ॲपमध्ये 'शांतता वगळा' असं एक बटण होतं, तेही दाबून टाकलं. वाचणारा कुठे थांबला, की ते थांबणं कापलं जायचं. लाइनवरचे रिकामे सेकंद काढावेत, तसंच.

मग काय, मी धावतच राहिलो. बाई रडत असो की कोणी मरत असो, सगळं धावत. शेजारच्या सीटवरचा नागसेन एकदा म्हणाला, "भावा, वर्षात चाळीस पुस्तकं? ही कालची कादंबरी कशी होती?"

"झाली," रणजीत म्हणाला.

"अरे, कशी होती विचारतोय राव, किती झाली ते नाही."

"बरी होती. झाली."

असं दोन वर्षं चाललं. माझ्या गाद्यांचा फोम सुटायला लागला, काळ्या पापड्या रणजीतच्या शर्टावर पडायला लागल्या. त्यानं कानात बसणारे नवे इवलेसे इअरबड घेतले आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. खरं सांगू? मला वाईट वाटलं नाही. झोप लागली.

मला बाहेर काढलं ते आबांसाठी.

आबा म्हणजे यशवंतराव, रणजीतचे वडील. त्यांचं शेत होतं तिथे आता बारा मजली इमारती आहेत आणि त्यातल्याच एकीत दुसऱ्या मजल्यावर हे घर. शेत होतं तेव्हा आबा पाण्याची मोटर चालू करून पाटाच्या कडेला पुस्तक घेऊन बसायचे. दिवाणाखाली त्यांच्या पुस्तकांचे चार खोके आहेत. पण शुगरनं डोळे गेले. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. आता कडेकडेचं दिसतं, मधलं पुसलेलं. समोर माणूस उभा राहिला तर कान दिसतात, चेहरा नाही.

रणजीतनं आपला जुना फोन आणि मला त्यांच्या हातात दिलं. "आबा, पुस्तकं ऐकायची आता. हे गोल बटण दाबलं की सुरू. बाकी कशाला हात लावू नका, नाहीतर बिघडेल."

बापाच्या डोक्यावर त्यानं मला इतक्या हळुवारपणे बसवलं, की मला क्षणभर वाटलं, आता तरी चालीनं चालायला मिळणार.

पण फोन त्याचाच. सगळं त्याच्या सवयीचं. वेग दुप्पट, शांतता बंद.

गोष्ट एका नावाड्याची होती. गावाला पूल होतो आणि त्याची नाव रिकामी पडते, अशी. वाचणारा कोणी मधल्या वयाचा माणूस असावा. 'असावा' म्हणतो, कारण त्या वेगात त्याचं वय कळायला मार्गच नव्हता. आबांनी भुवया आवळल्या. अर्धं वाक्य पकडेपर्यंत पुढची तीन निघून जायची. तासभर ते हलले नाहीत.

"कसं आहे आबा?"

"लई चांगलं हाय."

त्यानंतर रोज ते बसायचे. एकच प्रकरण चार चारदा लावायचे. ऐकून झालं की ओठ हलवत काय घडलं ते जुळवायला बघायचे आणि मधेच अडायचे. माझ्या गाद्या त्यांच्या घामानं ओल्या व्हायच्या. मला सगळं कळत होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं. रणजीत कंपनीत गेला की ते मला गळ्यात लटकवून नुसते बसायचे. संध्याकाळी दारात त्याची चाहूल लागली, की घाईनं पुन्हा कानावर.

एका दुपारी ते पुटपुटले, "डोळं गेलं ते गेलं. आता टकुरं बी चाललं."

हे फक्त मी ऐकलं. अंगावर काटा यायला मला अंग नाही, पण आलाच.

दोन महिन्यांनी त्यांनी रणजीतला सांगितलं, "ते चार खोकं रद्दीवाल्याला दिऊन टाक."

"तुमची पुस्तकं? का?"

"जागा अडती. आन आता काय उपेग त्याचा मला."

रणजीतला ते पटलं असावं. बिनकामाचं काही पडून राहिलेलं त्याला आवडत नाही. "बरं. गुरुवारी सुट्टी आहे, बोलावतो."

गुरुवारी आमच्याकडे कंपन्या बंद असतात. मागच्या वर्कशॉपचा कॉम्प्रेसर बंद, त्यात सकाळपासून लाइटही नव्हती. इतकं शांत, की मला उगाच धडधडत होतं. गोजाबाईंनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, खोके बाहेर ओढले. धुळीनं त्यांना चार शिंका आल्या. आबा मला दिवाणावर चालूच ठेवून तोंड धुवायला गेले होते.

गोजाबाईंनी मला उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि हसत हसत कानावर चढवलं. त्यांच्या कुड्या मला टोचल्या.

"अगं बया!" कान झाकलेला माणूस ओरडतो तशा त्या ओरडल्या. "ह्या मेल्याला काय यष्टी पकडायचीय का काय!"

आबा टॉवेल हातात धरून दारात उभे राहिले. "काय म्हणलीस?"

गोजाबाईंनी मला काढलं. "ह्यो बोलतूय का शेंगा फोडतूय? एक सबूद सुदा कळंल तर शपथ."

"तुला..." आबा दिवाणापाशी आले. "तुला बी तसंच ऐकू येतंय?"

"मंग? मला काय येगळे कान हायेत?"

आबा तिथंच एका खोक्यावर बसले. टॉवेल तोंडावर धरला आणि बराच वेळ काढलाच नाही. गोजाबाईंचं हसू विरत गेलं.

"अवो, काय झालं?"

"मला वाटलं, मलाच कळंना झालंय. माझंच डोस्कं..."

"कवापासनं?"

"दोन म्हैनं."

"दोन म्हैनं! आन तोंड शिवून बसला व्हता व्हय?"

"पोरानं येवढ्या मायेनं आणून दिलं. त्याला काय सांगू, तुझा बाप येडा झाला म्हणून?"

तेवढ्यात सून आतून आली. तेजस्विनी. ती सासऱ्यांना मामा म्हणते. तिनं फोन हातात घेतला, बोटानं दोन ठिकाणी दाबलं आणि गॅलरीतल्या नवऱ्याला हाक मारली. "अहो, इकडे या आधी. हे तुमचंच सेटिंग आहे. मामांना दोन महिने दुप्पट वेगानं पळवलंय तुम्ही!"

रणजीत आला. खोके बघितले, बापाच्या हातातला टॉवेल बघितला. "मी तर असंच ऐकतो," तो म्हणाला. "वेळ वाचतो."

"वाचल्याल्या वेळंचं काय करतूस?" आबांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

"दुसरं पुस्तक ऐकतो."

गोजाबाईंनी कपाळाला हात लावला.

तेजस्विनीनं वेग खाली आणला, शांतता परत चालू केली आणि मला आबांच्या डोक्यावर ठेवलं.

मग जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. तोच आवाज आला, पण तो माणूस होता. थोडा घोगरा, साठीच्या अलीकडचा. नावाड्याचं बोलणं आलं की आधी श्वास घ्यायचा, वल्हं खाली ठेवल्यासारखा. पूल बांधणारा साहेब नावाड्याला विचारतो, "मुलगा काय करतो तुझा?" आणि तिथे...

तिथे काहीच आलं नाही.

मी दचकलो. वाटलं, संपलो. तार तुटली, बॅटरी गेली, आबांच्या कानावरच मेलो. दोन वर्षांत माझ्यातून असं काही गेलंच नव्हतं. आबा मात्र अजिबात हलले नाहीत. त्यांच्या गालांवरचे स्नायू माझ्या गादीखाली सैल झालेले मला कळले.

मग तो वाचणारा अगदी हळू म्हणाला, "आहे. पलीकडच्या काठाला आहे."

आबांनी बटण दाबून थांबवलं. "हां," ते म्हणाले. "आता निवांत बसला माणूस."

"हे माझं ऐकून झालंय," रणजीत म्हणाला.

"मंग सांग, पोराचं इचारल्यावर नावाडी गप का बसला?"

रणजीतनं आठवून बघितलं. "माझ्याकडे तो गप्प बसलाच नव्हता, आबा."

खालून रद्दीवाल्यानं आवाज दिला. लिफ्ट बंद म्हणून तो वर यायला तयार नव्हता. गोजाबाई गॅलरीतून ओरडल्या, "जा बाबा तू! चुकून बोलवलं." आणि रणजीतनं, कुणी न सांगता, खोके एकेक करून दिवाणाखाली सरकवले.

"ऱ्हाऊ द्यात," आबा म्हणाले. "कवा कोण त्यातलं वाचून दावंल, सांगता येत न्हाई."

या गोष्टीला महिना झाला. आबा रोज एकेकच प्रकरण ऐकतात. रात्रीचं जेवण झालं की गोजाबाईंना ते सांगतात आणि सांगताना नेमकं त्याच जागी थांबतात, जिथे तो वाचणारा थांबला होता. "अवो, पुढं काय?" असं त्यांनी म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. गुरुवारी रणजीतही येऊन टेकतो. परवा नागसेनचा फोन आला होता, "कुठलं ऐकतोयस सध्या?" रणजीत म्हणाला, "नावाड्याचंच. परत. अजून अर्धं राहिलंय." आणि त्याबद्दल त्याला काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

मी मात्र आता थकलो. फोम सगळा गळलाय, गोजाबाईंनी जुन्या ब्लाउजपिसाचे गोल कापून शिवलेत. डावी बाजू कधीकधी खरखरते. चार्ज जेमतेम तासभर टिकतो. पहिली दोन वर्षं मी इतका पळालो, की आत्ता कुठे चालायला मिळतंय, तर पाय राहिले नाहीत.

नावाड्याच्या गोष्टीची शेवटची सात प्रकरणं उरलीत. तेवढी पोचवेन असं वाटतं. भीती एकाच गोष्टीची आहे. एखाद्या दुपारी मी अशाच एका शांत जागी बंद पडेन आणि ती माझी शांतता आहे की वाचणाऱ्याची, हे कुणाला कळणार नाही.

म्हणून एवढंच सांगणं आहे. मी गप्प झालो तर लगेच मला डोक्यावरून उतरवू नका. थोडं थांबा. कदाचित तो नुसता श्वास घेत असेल.