कुलपातले दात

मी कवळी बोलतेय. हसू नका, तुमचेही दिवस येतील.

माझा जन्म दंतवैद्याच्या मागच्या खोलीत झाला. गुलाबी लगद्यात एकेक दात बसवताना माझा कारागीर शिट्टी वाजवत होता. ज्यांच्यासाठी त्याने मला घडवलं, ते शिंपीकाम करायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मधुमेहाने हिरड्या पोखरल्या आणि त्यांचे खरे दात गळून गेले. मी तोंडात बसल्याबरोबर त्यांनी पहिलं काय केलं, तर शिलाईचा दोरा माझ्यात धरून तटकन तोडला. "झकास!" म्हणाले. तेव्हापासून आमचं मेतकूट जमलं.

मास्तर मुलगा-सुनेजवळ राहत. मुलगा फार चांगला आहे, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी तोंडातच असायचे, म्हणून मला ठाऊक आहे. ते सांगताना त्यांची जीभ कोरडी पडायची.

मुलाला शिस्तीचं वेड. त्याने घरातली साखर, गूळ, मध सगळं हद्दपार केलं. चहात गोड गोळ्या आल्या. बापासाठी तो बिस्किटांचे मोठाले पुडे आणू लागला. त्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे, 'शुगर फ्री'.

"बाबा, यात साखर नाहीच. खा हवी तेवढी."

गोडाला वर्षानुवर्षं मुकलेला माणूस तो. मशीनवर बसले की एक, बटण लावून झालं की एक. माझ्या फटींत त्या मैद्याचा चिकटा बसायचा आणि लाळेत भिजून आणखी गोड व्हायचा. पिठाची साखर तोंडातच होऊ लागते, हे मला कळत होतं. पण सांगणार कुणाला?

बोटाला सुई टोचून साखर मोजली, की आकडा तीनशेच्या वर. डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं. तरी आकडा चढाच. मग मुलाने बापाचे खिसे उलटे केले, मशीनचा खण धुंडाळला, उशीचा अभ्रासुद्धा झटकला.

"कुठं खाता चोरून?"

"अरे, तू आणतोस तेवढंच खातो मी."

"म्हणजे माझाच दोष? वा! खाई त्याला खवखवे, बाबा."

"अहो, खरं सांगत असतील ते," सून म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस." त्याने बापापुढे हात केला. "दात काढा. चावताच आलं नाही, मग बघू चोरी कशी होते."

मास्तरांनी आधी हसण्यावारी नेलं. मग विनवण्या केल्या. माणसं दातांच्या कण्या करतात म्हणे. मास्तरांजवळ तेवढेही दात नव्हते. मुलगा नुसता हात पसरून उभा राहिला, गिऱ्हाईक उरलेलं कापड परत मागतं तसा. शेवटी मास्तरांनी स्वतःच मला काढून दिलं. त्याने मला स्वयंपाकघरातल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

काचेतून सगळं दिसत होतं. पाहुणे आले की मास्तर तोंडावर रुमाल धरून बसत. त्यांचं बोलणं बोबडं झालं; मुलगा चारचौघांत त्याची नक्कल करून दाखवी, आणि लोक हसत. सून सूप पुढे ठेवी. मास्तर दोन चमचे घेऊन वाटी सरकवत. बिस्किटं बंद, जेवण जवळजवळ बंद. इन्सुलिन मात्र वाढवलेलंच होतं. मुलगा रोज सकाळी स्वतः टोचायचा. आकडा उतरू लागला.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "दात गेले आणि चोरी थांबली."

एका दुपारी मास्तर पाणी प्यायला आले आणि कपाटासमोरच खाली बसले. अंग घामाने निथळत होतं, हात थरथरत होते. सुनेलाच ते "आई, आई" म्हणून हाका मारू लागले. तिने घाबरून नवऱ्याला फोन लावला. त्याचा आवाज मला इथवर ऐकू येत होता.

"साखर उतरली असेल. काहीतरी गोड दे."

"घरात साखरेचा कण तरी ठेवलाय का तुम्ही?"

"मग चहाच्या गोळ्या विरघळव चार-पाच. त्याही गोडच असतात की!"

तिने ते पाणी चमच्याने पाजलं. मास्तरांनी ओठ चाटले. चव आवडली असावी. मग मान कलली ती कललीच.

सुनेने कुलूप उघडून मला रुमालात गुंडाळलं, म्हणून दवाखान्यात मीही पिशवीतून गेले. मुलगा तावातावाने बिस्किटांचा पुडा नाचवत होता. डॉक्टरांनी तो उलटा करून वाचला.

"साखर नाही, पण मैदा आहे. आणि गोडीसाठी माल्टिटॉल. साखरेपेक्षा कमी, पण तोही रक्तातली साखर चढवतो. पुडेच्या पुडे खाल्ले तर काय होणार?"

"आणि त्या चहाच्या गोळ्या?" सुनेने विचारलं.

"त्यांनी साखर वाढतच नाही. साधं साखरपाणी हवं होतं हो त्या वेळी."

मुलाने पुडा परत घेऊन पिशवीत कोंबला. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती त्याने. मास्तर शुद्धीवर आलेच नाहीत.

आज घरात माणसं जमली आहेत. गाल फारच बसलेले दिसतात, लोक काय म्हणतील, म्हणून मुलाने मला धुऊन पुन्हा मास्तरांच्या तोंडात बसवलंय. इथे आता गार आहे. जीभ हलत नाही. बाहेर तो कुणाला तरी सांगतोय, "काय करणार? खूप जपलं आम्ही. पण गोडाचा मोह काही सुटला नाही त्यांचा."

बाबांनो, पुड्याची मागची बाजू वाचत जा. आणि म्हातारं माणूस "मी नाही खाल्लं" म्हणालं, तर त्याच्या तोंडात हात घालण्याआधी...

थांबा. मुलाने हनुवटीखाली हात दिलाय. जबडा मिटतोय. येते मी.