सरकारी शिक्क्याची भविष्यवाणी

चर्चच्या मैदानात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे नेहमीची मंडळी, मागे सगळी वस्ती: पानठेलेवाले, कपाळभर कुंकवाच्या बाया, कोराडीच्या कॉलनीतून बस भरून आलेले लोक. एकोणऐंशीचा सप्टेंबर होता. जुलैत दिल्लीचं सरकार पडलं होतं, ऑगस्टमध्ये गुजरातेत धरण फुटून माणसं वाहून गेली होती. लोक घाबरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीही हाक मारावी.

स्टेजवर तिघे होते. वस्तीतल्या चर्चचे पाळक बाबाराव साळवे, नगरसेवक ओमप्रकाशजी आणि पांढऱ्या सफारीतला ब्रदर हबक्कूक. हा संदेष्टा नेमका कुठला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हे राष्ट्रा, ऐक!" ब्रदर माईकवर गरजला. "मी नाही बोलत, वरचा बोलतो! मी तर फक्त भोंगा! हालेलूया म्हणा! मागचे लोक उपाशी आहेत का? जोरात म्हणा!"

मागच्यांनी जोरात म्हटलं. मग ब्रदरनं एक बंद लिफाफा उंच धरला. मार्च महिन्यात त्यानं तो स्वतःच्याच नावानं टपालात टाकला होता म्हणे. ओमप्रकाशजींनी तिकिटावरचा गोल शिक्का डोळ्यांजवळ नेऊन वाचला. "नागपूर. मार्च. सरकारी ठप्पा आहे, भाईयो!" त्यांनीच लिफाफा कापला आणि पाळकांनी आतला कागद वाचला: पावसाळ्यात दिल्लीची खुर्ची उलटेल, पश्चिमेला पाण्याची भिंत फुटेल.

बायका रडू लागल्या. देवावर ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांचाही सरकारी शिक्क्यावर होता. लगेच ब्रदरनं पुढचं सांगितलं. पंचवीस नोव्हेंबरच्या आत देशावर न्यायाचा दिवस येणार, रेलगाड्या जळणार. तोवर शहराबाहेर जो पाऊल टाकेल, तो संपला.

आमचे पुढारी या न्यायाला कसे सामोरे गेले म्हणता? ओमप्रकाशजींनी मांडव घातला आणि हात जोडलेल्या स्वतःच्या फोटोची पोस्टरं चौकाचौकांत लावली. पाळकांनी भविष्यवाणी दर रविवारी उपासनेत वाचली. लिफाफा काचेच्या चौकटीत बसवून चर्चच्या दाराशी टांगला.

मी हसून सोडून दिलं असतं. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले होते, आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. पण शेजारी मनकर्णा राहायची, दवाखान्यात आया होती. तिच्या ताराच्या हृदयाची झडप अरुंद झालेली. अकरावीतली पोर, नळावरून अर्धी बादली आणताना दोनदा खाली बसायची. दक्षिणेतल्या एका मोठ्या मिशन दवाखान्यात ऑपरेशनसाठी दोन वर्षांनी नंबर लागला होता. बारा नोव्हेंबरला हजर व्हायचं होतं. मनकर्णेनं गाडीचं तिकीट परत केलं.

"काहून वापस केलं वं?" मी ओरडलोच.

"रेलगाड्या जळणार हायेत, भाऊ. पोरीले घेऊन आगीत जाऊ का?"

तारा दारात उभी होती. "काका, मी तर जातो म्हणतो. आई आयकत नाही."

दुसऱ्या दिवशी मी चर्चच्या दाराशी गेलो. मी रेल्वे डाक सेवेत सॉर्टर, एकवीस वर्षं पत्रं निवडतो आहे. लोक शिक्का पाहत होते, मी तिकीट पाहिलं. तिकीट बुकपोस्टाच्या दराचं होतं.

छापील कागद, लग्नपत्रिका बुकपोस्टानं जातात. दर कमी, पण अट एकच: पाकीट चिकटवायचं नाही, झाप नुसता आत खोचायचा. चिकटवलेलं पाकीट तेवढ्याशा तिकिटावर आलं की आम्ही ते बैरंग करतो, तसा ठप्पा मारतो आणि घेणाऱ्याकडून दंड वसूल होतो. या लिफाफ्यावर बैरंगचा ठप्पा नव्हता. म्हणजे मार्चमध्ये तो उघडाच आला होता. धरण फुटल्यावर ब्रदरनं निवांत बसून कागद लिहिला, आत घातला आणि मग डिंक लावला.

मी पाळकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"मलाही शंका होती, देवराव. पण वीस वर्षांत चर्च असं भरलं नव्हतं. पंचवीस तारीख जाऊ द्या, मग मी मंडळीला समजावून सांगेन."

"अन् ताराची बारा तारीख?"

"प्रभूवर सोपवू."

ओमप्रकाशजी तर हसले. "देवरावजी, मैं भी पढ़ा-लिखा आदमी हूँ. मले समजते सारं. पण मांडवात पाच हजार लोक येऊन राहिले, जानेवारीत निवडणूक आहे. त्याइले काय सांगू, तुम्ही बुद्धू बनले?"

शेवटी मी स्वतःच मनकर्णेला सांगायला बसलो. तिकीट, झाप, बैरंग, सगळं सांगितलं. तिनं मान हलवली.

"तुमी शिकलेले, भाऊ. पण खोटं असतं तं पाळकसाहेबानं सांगतलं नसतं का? ताराचा बाप्तिस्मा त्याइच्याच हातचा हाय."

बारा तारीख गेली. गाड्या वेळेवर धावत होत्या, मीच त्यांत थैल्या चढवत होतो. पंचवीसही गेली. सव्वीसला ब्रदर माईकवर म्हणाला, "तुमच्या प्रार्थनेनं न्याय टळला!"

रविवारी मी स्टेजवर चढलो. माझ्याही हातात बंद लिफाफा होता, शिक्का तीन नोव्हेंबरचा. आतला कागद मीच वाचला: 'सव्वीस तारखेला ब्रदर म्हणेल, प्रार्थनेनं न्याय टळला.' एक म्हातारी माझ्या पाया पडायला आली. मी तिला उठवलं आणि सांगितलं, "माय, हा कागद मी काल रात्री लिहिला. तीन तारखेला नुसतं उघडं पाकीट टाकलं होतं." मग सगळी युक्ती उलगडून दाखवली. खाली उतरून पाहतो तर ब्रदर हबक्कूक पसार. ओमप्रकाशजींनी तिथल्या तिथे माईक घेऊन माझं अभिनंदन केलं.

दवाखान्यानं ताराला पुढची तारीख एप्रिलची दिली. ती फेब्रुवारीत गेली.

दफनभूमीत पाळकांनी पुस्तक उघडलं. "प्रभूची इच्छा..."

"प्रभूले मधात आणू नका," मनकर्णा म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "माह्या प्रभूवर माहा विश्वास हाय. तुमी सांगा. बारा तारखेच्या आंधी तुमाले ठाऊक होतं का नाही?"

पाळक म्हणाले, "होतं."

तिनं त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि पुढचं स्वतः वाचलं, अडखळत, बोट ठेवून.

कुणाच्या देवाशी भांडायला मी हे लिहीत नाही. ठग येतात आणि जातात. त्याची युक्ती मामुली होती, कुणीही टपालवाला ओळखेल. मला राग आहे तो ओळखून गप्प बसलेल्यांचा, आणि थोडा माझाही. मी बारा तारखेच्या आधीच स्टेजवर चढून बोलायला हवं होतं, मोठ्या माणसांच्या दारात जोडे झिजवत बसलो. तुम्ही तसं करू नका. ज्याच्या शब्दावर तुम्ही पोरीचं तिकीट परत करणार आहात, मग तो संदेष्टा असो, पाळक असो की पुढारी, त्याला चारचौघांत विचारा: हे तुम्हाला कसं कळलं? तो गप्प बसला, तर पोरीला घेऊन गाडी पकडा.