मदर सोडत नाहीत

सिस्टर आराधनाला खोटं बोलायला फारसे कष्ट पडले नव्हते. तिसगावला आईला फोन करून ती म्हणाली होती, "मदर सोडत नाहीत गं." आणि इथं नेवाशाच्या कॉन्व्हेंटात मदर फिलोमिना म्हणाल्या, "नाताळात आठ दिवस घरी जाऊन ये," तेव्हा मान खाली घालून तिनं सांगितलं, "घरचेच म्हणतात, तिथंच राहून सेवा कर." इकडे घरच्यांची श्रद्धा पुढं केली, तिकडे आज्ञापालनाचं व्रत. व्रताचं नाव काढल्यावर पुढं कोण विचारतंय! गेल्या नाताळात हे जमलं होतं, म्हणून यंदाही जमवलं.

खरं कारण अगदी साधं होतं. तिच्या वडिलांना, बेंजामिनना, दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. घर म्हणजे एकच खोली, तिच्यात त्यांची खाट. अंथरुणातलं त्यांचं सगळं वहिनी काढायची. आराधना घरी गेली की ते तिच्याकडे आलं असतं. इथं गरम पाणी होतं, स्वतःची खोली होती, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एकटीनं म्हणायचं गाणं होतं. कॉन्व्हेंटच्या दवाखान्यात परक्या म्हाताऱ्यांचं ती हसतमुखानं करायची. बापाचं म्हटलं की मात्र तिला किळस यायची, आणि त्याची तिला लाज वाटायची. पण लाज वाटते म्हणून ती तिसगावच्या गाडीत बसली, असं काही झालं नाही.

नाताळच्या सकाळी फादरांनी प्रवचनात तिचंच उदाहरण दिलं. घरादाराचा मोह सोडून ही पोर इथं राहिली, म्हणाले. बायका माना वळवून वळवून तिच्याकडे बघायला लागल्या. आराधनाचे कान तापले. आणि सांगायलाच हवं, आतून थोडं बरंही वाटलं.

मिस्सा संपून तासही झाला नसेल, तोच फाटकातून तिची आई लंकाबाई आत आली. ती पहाटेच निघाली होती, शेवगावला गाडी बदलून. हातात करंज्यांचा डबा होता. मदरनी तिला बैठकीच्या खोलीत बसवलं आणि आराधनाला चहा आणायला सांगितलं.

ट्रे घेऊन ती दारात आली, तेव्हा लंकाबाई हात जोडून बोलत होती.

"मदर, दोन दिस तरी सोडा पोरीला. गेल्या साली बी तुमी सोडली न्हाई, औंदा बी न्हाई. तिचा बाप दाराकडं डोळं लावून पडलाय. मी काय भांडाया आले न्हाई, पाया पडते तुमच्या."

मदरनी एकदाच आराधनाकडे पाहिलं. आराधनानं ट्रे टेबलावर ठेवून दिला. आता सगळं उघडं पडणार होतं. सत्तरीच्या मदर गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि त्यांनी वाकणाऱ्या लंकाबाईला धरलं.

"चूक माझी झाली, लंकाबाई. मला माफ करा." मग आराधनाला म्हणाल्या, "जा, बॅग भर."

आराधना खोलीत गेली. बॅग भरली.

स्टँडवर जाताना लंकाबाईच्या चालीत उत्साह मावत नव्हता. "लई भली बाई हाय गं. माझी माफी मागितली तिनं! आन् मी वरीसभर तिच्या नावानं बोटं मोडली."

एवढं मात्र आराधनाला सोसवलं नाही. भर रस्त्यात ती थांबली. "आई, मदरनी मला कधीच अडवलं नाही. दोन्ही वर्षी जा म्हणाल्या होत्या. मीच आले नाही. बाबांचं करावं लागेल म्हणून."

लंकाबाई पुढं चालत राहिली. रिकामा डबा या हातातून त्या हातात घेतला, पदर सारखा केला. स्टँड आला, तिसगावची पाटी शोधून झाली. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आराधनाला वाटलं. शेवटी आई बोलली ते तिच्याकडे न बघता.

"घरी ह्यातलं काई काढू नगं. जीब जड झालीया तुज्या बापाची, पर रोज सकाळी मदरला शिव्या घालतो. 'पोरगी कवाच आली असती, ती बाईच सोडत न्हाई,' म्हनतो. त्याच्यावरच दिस ढकलतोय त्यो. त्याला मदरवरच रागवू दे."