चूलबंद आमंत्रण

एकशेवीस ताटांत लग्न उरकायचं, हे दौलतच्या घरात तीनदा ठरलं होतं. मुलीनेच, म्हणजे आकांक्षाने, सगळं मांडून दाखवलं होतं. लग्न काळाचौकीतल्या आपल्याच चाळीच्या अंगणात, जेवण केटररचं, आणि उरतील त्या पैशांत वडाळ्याच्या भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट. ती खोली हुकली, तर तिला आणि निलेशला परळच्या त्याच्या घरात पोटमाळ्यावर संसार थाटावा लागणार होता. खाली सासू, सासरे, दीर, जाऊ आणि त्यांची दोन पोरं. दौलतला सगळं पटलं. मान डोलावण्यात दौलतचा हात धरणारा अख्ख्या काळाचौकीत कोणी नव्हता.

पत्रिका आणि अक्षता घेऊन तो निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने, कालिंदीने, बजावलं, "प्रत्येक घरी 'दोघांनी या' म्हणायचं. जास्तीचा एक शब्द नको."

पहिलं दार माधवरावांचं. चाळीतल्या प्रत्येक कार्यात माधवराव पुढे असत, म्हणजे पुढच्या खुर्चीवर. त्यांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली, "दोघंच?" एवढंच विचारलं आणि बायकोकडे बघून हसले. झालं. दौलतची छाती फुगली.

"दोघं कसले? चूलबंद आमंत्रण आहे तुम्हाला!"

म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी लग्नघरीच जेवायचं. एका दारी हे बोलल्यावर दुसऱ्या दारी कमी कसं बोलणार? चाळीच्या छत्तीस खोल्या. त्याची स्वतःची सोडून चौतीस घरांच्या चुली त्याने दोन तासांत विझवल्या.

उरलं एक दार, रमाकाकींचं. त्या एकट्याच राहायच्या. मागच्या सत्यनारायणाला दौलतचं भाषण चाळीस मिनिटांच्या पुढे गेलं, तेव्हा त्यांनी उठून माईकचं बटण बंद केलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ते दार त्याने टाळलं. काटकसर करायची अक्कल त्याला नेमकी तिथे सुचली.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं, तेव्हा कालिंदीने कपाळावर हात मारून घेतला. आकांक्षाचे डोळे मात्र भरले होते, आणि ते बघून दौलतला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

"आता शब्द मागे कसा घेऊ गं? चाळीला तोंड काय दाखवू?"

"मागे नका घेऊ, पप्पा," ती डोळे पुसत म्हणाली. "फक्त सांगा, गावाला चूलबंद आमंत्रण असलं की लोक काय करतात?"

गावचं नाव निघताच दौलत खुलला. "काय करतात म्हणजे? अख्खी वाडी आदल्या दिवसापासून राबते! बायका नारळ खवतात, पुरुष भाजी चिरतात, पोरं वाढतात. परकं माणूस लागतच नाही."

"मग तसंच करू. केटररला नाही म्हणून कळवते. एक आचारी पुरे."

दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या फळ्यावर यादी लागली. प्रत्येक घरापुढे एक काम. भाजी चिरायला पहाटे पाच वाजता हजर राहावे, ही ओळ तेवढी लाल शाईत होती.

दुपारपर्यंत चाळीची तब्येत बिघडली. माधवरावांची कंबर धरली. दुसऱ्या मजल्यावरच्या विकासच्या कंपनीने नेमकं लग्नाच्याच रविवारी सेमिनार ठेवलं. शेजारच्या प्रितीच्या सासूला कांद्याची ॲलर्जी असल्याचं खुद्द प्रितीलासुद्धा त्याच दिवशी कळलं. कोणाच्या नात्यात त्याच मुहूर्तावर दुसरं लग्न निघालं, कोणी कुलदैवताला जायचं ठरवलं. "घरचंच कार्य आहे रे दौलत," असं मात्र प्रत्येकजण जाताजाता म्हणत होता. संध्याकाळी मोजलं, तर पाहुणे धरून ताटं शंभरापर्यंत खाली उतरली होती. वडाळ्याची खोली वाचली. दौलतला मात्र जेवण गेलं नाही. ज्यांच्यासाठी छाती फुगवली, त्यांतलं एकही घर भाजी चिरायला तयार नव्हतं.

लग्नाच्या पहाटे अंगणात कांदे-बटाट्याची पोती होती, आचारी होता, आणि सुरी धरलेले दौलत आणि कालिंदी होते. नवरीसुद्धा हळदीच्या हातांनी लसूण सोलायला बसली होती. तेवढ्यात रमाकाकी विळी घेऊन जिना उतरल्या.

"माका पत्रिका नाय. यादीतय नाव नाय," त्या समोर उभ्या राहून म्हणाल्या. "माजी चूल एकटीची रे दौलता. एका पानान तुजा काय बुडणार होता?"

दौलतने अक्षतांचं ताट पुढे केलं. "काकी, चुकलो. चूलबंद..."

"ती आज पेटवकच नाय. कांदे खंय आसत?"

बारा वाजता मुहूर्त लागला, साडेबाराला पहिली पंगत बसली आणि माधवरावांची कंबर सुटली. सहकुटुंब सात जण पहिल्या रांगेत बसले. भाजीत मीठ कमी आहे, असं त्यांनी वाढणाऱ्या रमाकाकींनाच ऐकवलं.

ते ऐकून दौलत तडक उठला आणि त्याने माईक हातात घेतला. अख्खी पंगत धास्तावली.

"मंडळी, आज या कार्याला खऱ्या अर्थाने ज्यांनी हात लावला, त्या आमच्या रमाकाकींनी..."

खट् झालं. रमाकाकींनी बटण बंद केलं होतं.

"मेल्या, भाजी थंड होता," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत पुढच्या पानाकडे वळल्या.