फाउंडेशनची रबरं

विश्वजितच्या वडिलांनी, दत्तोपंतांनी, हौसेनं घेतलेली दोन सीटांची विलायती गाडी कितीतरी वर्षं शेडमध्ये झाकून पडली होती. ते गेल्यावर विश्वजितनं ती सुरू करायचं मनावर घेतलं. इंजिन लागलं, पण क्लच सोडला की गाडीला हुडहुडी भरायची. इंजिन आणि गिअरबॉक्स चासीवर ज्या रबरी गट्टूंवर बसतात, ती फाउंडेशनं वाळून चिरली होती. परदेशातून मागवलेली दुसऱ्याच मॉडेलची निघाली. विश्वजितनं पाना भिरकावला आणि गाडीवर परत ताडपत्री ओढली.

त्याची बायको मृण्मयी वाळूजला रबराचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होती. तिनं जुने तुकडे डब्यात घालून नेले, मापं काढली, साहेबांना विचारून पदरच्या पैशानं साचा करवला. पहिली रबरं टणक झाली, सगळी गाडी खडखडली. दुसरी इतकी मऊ, की इंजिन हेलकावून पंखा रेडिएटरला घासला. तिसऱ्या खेपेला ती स्वतः गाडीखाली झोपून बोल्ट आवळत होती. इंजिन घुमलं, गिअरचा दांडा जरासुद्धा थरथरला नाही.

"मृणू, तू नसतीस तर ही भंगारात गेली असती," तिचे माखलेले हात धरून विश्वजित म्हणाला.

जुन्या गाड्यांच्या क्लबची फेरी छावणीतून करमाडला जायची होती. मृण्मयी नवी साडी नेसून आली, तर शेजारच्या सीटवर क्लबचे अध्यक्ष राजकुमारशेठ बसलेले.

"तू स्कूटीवर ये ना मागून," विश्वजित हळूच म्हणाला.

करमाडला बॉनेट उघडलं, माणसं जमली.

"काय मख्खन चालते यार! फाउंडेशन कुठून आणलं?" शेठनी विचारलं.

"इंग्लंडहून. ओरिजिनल," विश्वजित म्हणाला. मृण्मयी तिथंच उभी होती.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "खोटं कशाला बोललास?"

"मग काय सांगू? बायकोनं रबर ओतून दिलं? हसले असते." बूट काढता काढता तो म्हणाला, "आणि हो, शेठच्या गाडीलापण हवीत. करशील ना? बाहेरून आणली असंच सांगू."

सोमवारी कारखान्यात तिनं साचा स्वतःच्या हातानं वितळवायच्या भंगारात टाकला. विश्वजितला कळलं तेव्हा तो घरभर ओरडला. शेठसमोर आता तोंड कसं दाखवू, म्हणाला. ती भाजी चिरत राहिली. एवढे दिवस आपण सासऱ्यांच्या आठवणीसाठी राबतोय असं ती स्वतःला सांगत होती. राबली होती ती या माणसासाठी, आणि तेच आता तिला सहन होईना.