तुळजाबाईची गल्ली

एकाहत्तर-बहात्तर साल असेल. नागपुरातल्या गल्ल्यांची नावं कुठून आली ते शोधायला महापालिकेच्या कमिटीनं श्रीधरपंतांना आमच्या कोष्टीपुऱ्यात धाडलं. कॉलेजात इतिहास शिकवणारा सज्जन माणूस. त्यानं सरळ सांगितलं, नावामागे राजा, संत किंवा हुतात्मा निघाला तर नाव राहील, नाहीतर बदलेल. आमच्या मेंबरनं आपल्या बापाचं नाव आधीच देऊन ठेवलं होतं, रामाजी मार्ग. मार्ग म्हणे! समोरासमोर दोन सायकली आल्या तर एक घरात घ्यावी लागते.

तुळजाबाईच्या गल्लीसाठी माझ्याजवळ राजा नव्हता, जीभ होती.

"लिहा पंत," मी म्हटलं. "तुळजाबाईनं इथं राजाचा हत्ती अडवला. गल्लीभर मागाचा ताणा पसरून सुताले खळ लावून राहिली होती. माहूत म्हणे, सूत उचल. बाई म्हणे, वाळल्याबिगर नाही. शेवटी हत्तीनंच सोंडेनं वारा घातला."

पंत लिहीत होते. शेजारच्या ओसरीत तुळजाबाईची सून मैनाबाई सुताच्या कांड्या भरत बसली होती.

"काहून फेकून राहिले, नत्थूजी? हत्ती आला असता तर लीद माह्या सासूलेच उचलावी लागली असती." मग पंतांकडे वळली. "खोडा ते. बाई रांडावली, एकटीनं माग चालवला, पोरं वाढवली. आभाळ आलं का साऱ्या गल्लीचं सूत तिच्या ओसरीत. तिले हत्ती नाही लागत."

"पण बाई, एवढ्यावर कमिटी नाव ठेवणार नाही."

"नका ठेवू म्हणा. आम्ही ठेवलं हाये."

पंतांनी हत्ती खोडला, बाईचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं. कमिटीनं ते बाजूला सारलं आणि रामाजी मार्गाची पाटी रंगवली.

उद्घाटनाच्या दिवशी मेंबर हार घेऊन उभा, उद्घाटनाला बोलावलेले अमरावतीचे पाहुणे मात्र येईनात. येतील कसे? चौकाचौकात आमचीच माणसं. पाहुण्यांच्या ड्रायव्हरनं पानठेल्यावर रामाजी मार्ग विचारला, तिथून त्याला इतवारीत पाठवला. इतवारीतून महालात. महालात पंत स्वतः उभे होते. "मी या शहरातल्या गल्ल्यांचाच अभ्यास करतो," ते शांतपणे म्हणाले, "असा मार्ग माझ्या पाहण्यात नाही." पुढं मी भेटलो. मी शहराबाहेरचा, कुही गावाचा रस्ता दाखवला. मोटार तिथल्या धानाच्या बांधीत, चिखलात फसली, चार बैलांनी ओढून काढली, असं मी सांगतो. बाकीचे म्हणतात, नाक्यावरूनच परत फिरली.

इकडे हार कोमेजले. मेंबरनं भोंगा रिक्षावर चढवला आणि चौकात नेला. "रामाजी मार्गाच्या पाहुण्यांनी इकडे यावे." सारा चौक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागला, हा मार्ग कुठला बा?

शेवटी मेंबर घाम पुसत खालच्या आवाजात बोलला, "पाहुण्यांनी तुळजाबाईच्या गल्लीत यावे."

मैनाबाई रिक्षामागून चालत आली होती.

"जोरानं सांगा, मेंबरसाहेब. मागं आयकू नाही आलं."

मोटार अजून दिसत नव्हती. त्याला जोरानं सांगावंच लागलं.